आतून हात फिरवून बघा

संक्रांत होऊन तीन दिवस झाले होते. माझ्या वर्कशॉपमागच्या पिंपळावर एक घार उलटी लटकत होती. नायलॉनचा मांजा एका पंखात गुरफटलेला, त्याचं दुसरं टोक फांदीत. शिडी लावली, गोणपाट टाकून तिला खाली घेतलं, वन विभागाच्या १९२६ या नंबरवर फोन केला आणि त्यांनी सांगितलेल्या वन्यजीव उपचार केंद्रात खोक्यातून तिला पोचवलं. पंखाच्या पुढच्या कडेची कातडी पार हाडापर्यंत चिरली होती. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये या मांजावर देशभर बंदी घातली. तरीही दर जानेवारीत केंद्रातली खोकी भरतात.

डॉक्टर मॅडम आत टाके घालत होत्या आणि मी बाहेर बाकावर बसून होतो. तीस वर्षं ग्रिल, गेट, जिने, शेड करण्यात गेलेली, त्यामुळे नजर आपोआप पिंजऱ्यांच्या जोडांकडे गेली. एक दार खाली घासत होतं. बिजागरी वाकली होती. पुढच्या रविवारी हत्यारांची पेटी घेऊन गेलो आणि ती बदलून आलो. तेव्हापासून माझे रविवार तिथेच जातात.

माझं शिक्षण आयटीआयचं. प्राण्यांबद्दल जे थोडंफार कळतं ते तिथल्या डॉक्टरांनी आणि राखणदार काकांनी शिकवलेलं आहे. आपल्या हातातलं कसब अशा ठिकाणी लावावं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी या वर्षांत शिकलेल्या काही गोष्टी लिहून ठेवतो आहे.

१. चांगली बाजू आत

आमच्या धंद्यात चांगली बाजू गिऱ्हाइकाकडे असते. बोल्टचं टोक, वेल्डिंगचे दाणे, जाळीच्या कापलेल्या तारा, सगळं मागच्या बाजूला सरकवायचं, कारण तिकडे कोणी बघत नाही. मी बनवलेला पहिला पिंजरा असाच होता. बाहेरून रंग एकसारखा, कोपरे गुण्यात, दार एका बोटाने बंद होणारं.

डॉक्टर मॅडम आल्या, आत गेल्या आणि म्हणाल्या, "काका, आतून हात फिरवून बघा. मोजा न घालता."

फिरवला. दहा फुटांत तीन ठिकाणी ओरखडे आले. तिथे गव्हाणी घुबड राहणार होतं. माणूस दिसला की ते भिंतीवर जाऊन आदळणार, रात्री फटीतून उजेड आला की तिकडे झेपावणार. माझ्या तळहाताची कातडी जाड आहे. घुबडाच्या पायाच्या तळव्याला जखम झाली की ती सुजते, चिघळते आणि एकदा पाय अधू झाला की शिकार संपली. ज्या पक्ष्याचा पंख बरा झाला तो माझ्या बोल्टमुळे अपंग व्हायचा.

तो पिंजरा मी परत उघडला. तेव्हापासून नटची टोकं बाहेर, जाळीची कापलेली कड दोन पट्ट्यांमध्ये दाबलेली, आतला प्रत्येक वेल्ड कानशीने गुळगुळीत. काम झालं की आत जाऊन उताणा झोपतो. मग पालथा. मग दार लावून संध्याकाळ होईपर्यंत बसतो, म्हणजे फटीतून कुठून उजेड येतो ते कळतं. नव्याने येणाऱ्या पोरांना मी मोजमापं नंतर शिकवतो, हात फिरवणं आधी.

२. पीस मोडलं की वर्ष गेलं

उडायचा सराव करायला मोठा पिंजरा लागतो. घारीच्या पंखांचा पसारा साधारण दीड मीटर असतो. चार-पाच फुटांच्या खोलीत ती जगेल, पण तिच्या छातीतलं बळ परत येणार नाही. आम्ही बांधलेला पिंजरा साठ फूट लांब, वीस फूट रुंद आणि पंधरा फूट उंच आहे. त्यासाठी मी ठरवलेलं सामान होतं चेनलिंक जाळी. स्वस्त, टिकाऊ, कुठेही मिळते. तालुक्यातल्या अर्ध्या शेतांची कुंपणं तिचीच आहेत.

मॅडमनी ठाम नकार दिला. घार जाळीला लटकते. लटकली की फडफडते, आणि फडफडली की पंखांची मोठी पिसं आणि शेपूट त्या चौकटींत अडकून मोडतात. केसासारखं पीस वाढत राहत नाही. मोडलेलं पीस गळून नवं येईपर्यंत थांबावं लागतं, आणि मोठ्या पक्ष्यात त्याला वर्षही लागू शकतं. म्हणजे माझ्या जाळीने वाचवलेल्या पैशांसाठी घारीला वर्षभर कैद.

शेवटी आतल्या बाजूने उभे पीव्हीसी पाइप लावले, दोन पाइपांमध्ये दीड इंचाची फट. उभ्या गुळगुळीत पाइपाला नखं धरत नाहीत, त्यामुळे पक्षी लटकायचा प्रयत्न सोडून देतो आणि बसायच्या दांडीकडे वळतो. त्याच्या बाहेरून हातभर अंतर सोडून चार सुती वेल्डमेश, मांजर आणि मुंगूस अडवायला. नवी जाळी थेट पक्ष्यांना कधीच लावायची नाही, हेही तिथेच कळलं. गॅल्व्हनाइझच्या जाळीवर जस्ताचे कण आणि थेंब असतात, पक्षी ते चोचीने खरवडून खातात आणि जस्ताची विषबाधा होते. जाळी आधी व्हिनेगर टाकून ब्रशने घासायची, पाण्याने धुवायची, उन्हात ठेवायची, मग लावायची. बसायच्या दांड्या सगळ्या एका जाडीच्या ठेवत नाही. एक मनगटाएवढी, एक अंगठ्यापेक्षा जरा जाड, त्यांवर काथ्याची दोरी घट्ट गुंडाळलेली. सारख्या जाडीच्या गुळगुळीत दांडीवर तळव्याच्या एकाच जागी भार पडत राहतो.

या पिसांवरूनच मला माझ्या आयुष्यातलं सगळ्यात नाजूक काम मिळालं. एका घारीची शेपूट मोडून आली होती. कोणीतरी तिला कोंबड्यांच्या खुराड्यात आठवडाभर ठेवलं होतं. केंद्रात मेलेल्या पक्ष्यांची चांगली पिसं क्रमवार, डावी-उजवी वेगळी करून जपून ठेवलेली असतात. मोडक्या पिसाचा देठ थोडा ठेवून कापायचा, त्याच जागेचं, त्याच बाजूचं दुसऱ्या घारीचं पीस घ्यायचं आणि दोन्ही पोकळ देठांमध्ये एक काडी घालून चिकटवायचं. ती काडी करायला मॅडमनी मला बसवलं.

वाळलेल्या बांबूची कामटी घेतली. जाडी दात कोरायच्या काडीएवढीही नको. गोल केली तर पीस देठात फिरतं, म्हणून कानशीने तिला तीन धारा काढल्या. एक टोक या देठाच्या मापाचं, दुसरं त्या देठाच्या. मिलिमीटरच्या हिशोबातही नाही, नखाला जाणवेल एवढ्या फरकाने घासायचं. जोर जास्त झाला की देठ उभा चिरतो. आठ पिसं होती. पहिल्या दोन काड्या मी मोडल्या, एक फार जाड झाली. घार भुलीखाली होती आणि मॅडमची नजर तिच्या श्वासावर. माझी नजर काडीवर. अकराव्या काडीपाशी आठवं पीस बसलं. महिन्याभराने ती साठ फुटी पिंजऱ्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि वळताना शेपूट उघडली. परकी आठ पिसं पंख्यासारखी पसरली. मी बाहेरून फटीतून बघत होतो.

तीस वर्षांत बनवलेल्या गेटांपैकी एकही मला इतकं आठवत नाही.

३. ग्राइंडर घरी ठेवून या

हे लिहायला जड जातं, पण सांगितलंच पाहिजे.

दुसऱ्या वर्षी चिंकाऱ्याचं एक पाडस आलं. कुत्र्यांनी पाठलाग केला होता. अंगावर जखमा फारशा नव्हत्या, तेव्हा आम्हाला वाटलं वाचलं. त्याला अंधाऱ्या खोलीत ठेवलं होतं. मी दीडशे फुटांवर अँगल कापत होतो. ग्राइंडर चालू केला आणि दोन मिनिटांत राखणदार काका हात हलवत धावत आले. आतलं पाडस भिंतीला धडका घेत होतं. मी ताबडतोब बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेलं.

मॅडमनी मला दोष दिला नाही. त्यांनी समजावून सांगितलं की हरणवर्गातला प्राणी पाठलागाने, पकडण्याने, भीतीने इतका ताणला जातो की त्याचे स्नायू आतल्या आत खराब होतात, ते रक्तात उतरतं, मूत्रपिंडं बंद पडतात. याला कॅप्चर मायोपथी म्हणतात. मरण कधी काही तासांनी येतं, कधी काही दिवसांनी. कुत्र्यांनी ते आधीच अर्धं मारलं होतं. पण माझ्या आवाजाने त्यात भर घातली का, याचं उत्तर मला कोणी देऊ शकलं नाही आणि मी ते मागायचंही सोडून दिलं.

त्यानंतर कामाची पद्धत बदलली. कापणं, वेल्डिंग, भोकं पाडणं, सगळं वर्कशॉपमध्ये. केंद्रात फक्त तयार चौकटी येतात आणि त्या नट-बोल्टने जोडायच्या. पाना आणि पक्कड, बस. हातोडा मारावाच लागला तर मध्ये रबर. रेडिओ नाही, हाका मारणं नाही, मोबाइल गाडीत. याचा एक फायदा असा झाला की चौकटी सुट्या असल्याने पिंजरा गरजेप्रमाणे लहान-मोठा करता येतो. पावसाळ्यात उदमांजरांच्या पिल्लांसाठी जो चौकोन होता तोच हिवाळ्यात घुबडांसाठी उंच झाला.

४. काळ्या मातीवर विश्वास नको

केंद्राची अर्धी जमीन काळी आहे. दख्खनची ही माती शेतकऱ्याला सोन्यासारखी, पण पाया घेणाऱ्याला फार छळते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगते आणि खांब वर उचलते. दीड फूट खड्ड्यात सिमेंट ओतून उभे केलेले आमचे चार खांब पहिल्याच पावसाळ्यानंतर ओळंब्याबाहेर गेले. दार अडकू लागलं, वर फट पडली. बंगल्याच्या गेटला अशी फट पडली तर गिऱ्हाईक फोन करतं. इथे त्या फटीतून धामण आत आली आणि साळुंकीची तीन पिल्लं गेली.

काळी संपून मुरूम लागेपर्यंत खणायचं. चार फूट लागो, पाच लागो. दुसरा उपाय शोधू नका.

आणि खणताय तसं कुंपणाच्या कडेने चरही खणा. घूस एका रात्रीत जमिनीखालून आत येते. जाळी दीड फूट खाली न्यायची आणि तळाशी बाहेरच्या बाजूला फूटभर वळवायची, इंग्रजी एल अक्षरासारखी. घूस कुंपणाला चिकटून खणायला लागते, खाली जाळी लागली की पुढे खणते, तिथेही जाळीच. मागे सरून लांबून सुरुवात करावी हे तिला सहसा सुचत नाही. कोल्ह्याच्या पिंजऱ्यात हीच जाळी आतल्या बाजूला वळवायची, कारण तिथे खणणारा आत असतो.

फरशीचा ढाळ दहा फुटाला तीन इंच. कोबा फार घोटला तर प्राणी घसरतो, खडबडीत सोडला तर तळवे सोलतात. घोटून झाल्यावर ओल्यावरच गोणपाट दाबून उचलायचं, तेवढा खरखरीतपणा पुरतो.

५. स्पीकरमधलं लोहचुंबक

माझ्याकडे जुन्या स्पीकरमधून काढलेलं एक मोठं लोहचुंबक आहे. त्याला सुतळी बांधली आहे. काम संपलं की मी ते पिंजऱ्याच्या जमिनीवरून ओढत नेतो, आधी उभं, मग आडवं. बाहेर निघेपर्यंत त्याला कधी खिळा, कधी वायसर, कधी बाइंडिंग वायरचे चार तुकडे चिकटलेले असतात.

हे एका लांडोरीमुळे सुरू झालं. मोर, लांडोर जमिनीवरचं टिपून खातात, चमकणारं आधी. आमचं काम झाल्यावर पाच दिवसांनी तिने खाणं सोडलं. एक्स-रे काढला. पोटात वळलेला तारेचा तुकडा स्पष्ट दिसत होता, माझ्या पकडीचा दाब त्याच्या टोकाला दिसावा इतका. शस्त्रक्रिया केली, पण आतडं फाटलं होतं.

जागा झाडून काढली होती, असं मी तेव्हा म्हणालो होतो. झाडलीही होती. झाडूला तार सापडत नाही. ॲल्युमिनियम आणि तांब्याला चुंबक लागत नाही, म्हणून ती तार केंद्रात आणायचीच नाही. बाइंडिंग वायरचे तुकडे घरून मोजून न्यायचे आणि कापलेली टोकं खिशात टाकायची. सोबतच्या पोरांना हे अति वाटतं. मी त्यांना तो एक्स-रे दाखवतो. मॅडमनी तो मला दिला होता, वर्कशॉपमध्ये लावायला.

६. कडी

लाल तोंडाचं माकड कडी-कोयंडा बघून शिकतं. खिट्टी सरकवणं त्याला दोन दिवसांत येतं. कुलूप लावा आणि किल्ली त्याच्या हाताच्या टप्प्यात टांगू नका. जिथे उदमांजराचं डोकं जातं तिथे त्याचं अंग जातं, तेव्हा फट डोक्याच्या मापाने बघा. आणि दार नेहमी दोन: पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, कितीही घाई असली तरी.

कामाला येण्याआधी धनुर्वाताचं इंजेक्शन आणि रेबीजची आगाऊ लस घेऊन या. याचा केंद्राने आग्रह धरला नाही तरी तुम्ही धरा.

७. दुरडी

दिवाळीआधी घरं झाडायला निघाली की माळ्यावरची, पोटमाळ्यातली घुबडाची पिल्लं खोक्यात घालून केंद्रात येतात. वैशाखात वादळी पाऊस झाला की घारीची, पिंगळ्याची. आणणारा माणूस भल्या मनाने आणतो. पण त्यातल्या कित्येकांना केंद्राची गरजच नसते, आईची असते.

माणसाचा हात लागला की पक्षीण पिल्लू टाकून देते, हा समज आपल्याकडे घट्ट आहे. तो खरा नाही. पिल्लू धडधाकट असेल आणि घरटं मोडलं असेल, तर दुसरं घरटं बांधून द्यायचं आणि पिल्लू त्यात ठेवायचं. घरट्यासाठी सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे बांबूची दुरडी. तळाला पाणी निथळायला फटी असतातच. आत वाळक्या काड्या, थोडं गवत. कापूस आणि फडकं टाकू नका, ते ओलं राहतं आणि नखात अडकतं. दुरडी फांदीच्या बेचक्यात ठेवून चार ठिकाणी काथ्याने बांधायची, नायलॉनने नाही. जुन्या घरट्याच्या जितकं जवळ तितकं बरं.

झाड आधी नीट बघा. गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष शहरात सगळीकडे आहेत, दिसायला दणकट आणि फांदी ठिसूळ. चढणाऱ्याच्या कमरेला पट्टा आणि दोरी हवीच. मी आता चढत नाही, खाली दोरी धरून उभा असतो.

एकदा आंब्यावर अशी दुरडी बांधली, घारीचं एक पिल्लू तिच्यात ठेवलं आणि आम्ही तिघे लांब एका ओट्यावर जाऊन बसलो. एक तास गेला. दुसरा गेला. घर ज्यांचं होतं त्या मावशींनी चहा आणला, दोनदा. त्या सारख्या विचारायच्या, "येईल ना हो दादा?" पावणेचारला घार आली, झाडावर दोन घिरट्या घातल्या आणि निघून गेली. मावशींनी तोंडाला पदर लावला. मग ती परत आली ती पंजात काहीतरी घेऊन, आणि सरळ दुरडीच्या काठावर बसली.

दीडशे रुपयांची दुरडी आणि एक दुपार. तेच पिल्लू केंद्रात वाढवायचं तर दोन महिने, रोजचं मांस, औषधं आणि शेवटी शिकार करायला शिकवणारं कोणी नाही. म्हणून पिल्लू दिसलं की उचलून घरी नेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने परवानगीशिवाय वन्यप्राणी पाळणं हा गुन्हा आहे, तो भाग वेगळाच. आधी फोन करा, मग वर बघा, आई कुठे आहे ते.

८. ज्यांच्यासाठी बांधलं ते दिसत नाहीत

कोल्ह्याची चार पिल्लं चार महिने आमच्या पिंजऱ्यात होती. त्यांचा आडोसा, बीळ, पाण्याची कुंडी, बाहेरच्या बाजूची हिरवी जाळी, सगळं मी केलं. पिल्लं मी एकदाही पाहिली नाहीत. माणसाची सवय लागलेला कोल्हा सोडल्यावर वस्तीकडे येतो आणि काठीने मारला जातो, म्हणून तिकडे एकाच माणसाने जायचं, तेही न बोलता, असा नियम होता. मला त्यांची ओळख खुणांवरून झाली. दाराच्या खालच्या पट्टीवर दातांच्या रेघा होत्या. जूनमध्ये त्या जमिनीपासून पाच इंचांवर होत्या, सप्टेंबरात फूटभर वर गेल्या.

त्यांना सोडायच्या दारावर मी तीन रविवार घालवले. दार वर सरकणारं, दोरी साठ फुटांवरून ओढायची, म्हणजे उघडताना माणूस जवळ नको. लोखंड लोखंडावर घासलं की किंचाळतं, म्हणून खाचेत सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या बसवल्या. ग्रीसला वास येतो, म्हणून मेण घासलं. दार पडू नये म्हणून दोन ठिकाणी खिळी. माझ्या वर्कशॉपात मी ते रात्रीच्या शांततेत पंचवीस वेळा वर-खाली करून ऐकलं.

ज्या रात्री ते उघडलं त्या रात्री मी घरी होतो. सकाळी राखणदार काकांचा फोन आला. "आवाज आला नाही," एवढंच म्हणाले. मला आणखी काही ऐकायचं नव्हतं.

ज्यांना प्राण्यासोबत फोटो हवा आहे, पिल्लाला बाटलीने दूध पाजायचं आहे, त्यांनी हे काम घेऊ नये. मी हे रागाने म्हणत नाही. ती ओढ मला कळते. पण प्राण्याच्या बाजूने बघितलं तर आपण त्याला न दिसणं हीच त्याची सोय आहे.

९. काय द्यावं

गणपती उठले की मांडववाल्यांकडे बांबूचे तुकडे पडून असतात, विचारलं तर देतात. गोणपाट, काथ्या, सायकलच्या ट्यूब, चांगल्या स्थितीतले स्क्वेअर पाइप, हे सगळं लागतं. जुन्या रंगाचे उघडे डबे आणि गंजकी जाळी आणून टाकू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं. आणि सामानापेक्षा माणसं हवीत: प्लंबर, गवंडी, सुतार, वायरमन. महिन्यातून एक रविवार आला तरी पुष्कळ. प्राणिप्रेमी भरपूर येतात. फुटलेली पाइपलाइन बघून पाना काढणारा क्वचित येतो.

१०. विहीर

शेवटचं काम केंद्राबाहेरचं, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं.

जुन्नर, शिरूर, आंबेगाव, संगमनेर, निफाड, हा सगळा उसाचा पट्टा. ऊस उंच झाला की बिबट्या त्यात राहतो, तिथेच पिल्लं होतात. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट निवारा केंद्र उभं राहिलं ते याच पट्ट्यातल्या बिबट्यांसाठी. आणि याच पट्ट्यात जमिनीलगत तोंड असलेल्या, कठडा नसलेल्या विहिरी आहेत. रात्री कुत्र्यामागे किंवा डुकरामागे धावणारा बिबट्या थेट आत जातो. कोल्हे, उदमांजरं, तरस, सगळे पडतात. त्यातले बरेच कोणाला कळायच्या आत बुडतात.

मी एकदाच प्रत्यक्ष पाहिलं. पहाटे फोन आला, विहिरीत बिबट्या आहे, दोऱ्या आणि माणसं हवीत. वन विभागाचे लोक आधीच पोचले होते. पाणी चाळीस फूट खाली. मादी मोटरच्या पाइपाला पुढच्या दोन पंजांनी धरून होती. किती तास धरून होती कोणास ठाऊक. आधी एक खाट चारी कोपऱ्यांना दोर बांधून सोडली, तिला टेकायला. खाट पाण्याला लागली तेव्हा ती गुरगुरली, मागे झाली, आणि मग हळूच एक पंजा तिच्यावर ठेवला. मग दुसरा. पूर्ण अंग वर घेतल्यावर ती थरथरत होती. दोर माझ्या हातात होता, तो थरार मला वर जाणवत होता. नंतर पिंजरा सोडला, ती त्यात शिरली, वर आली. गर्दी हटवायला गेलेला वेळ तिला वर काढायच्या वेळेपेक्षा जास्त होता.

परत येताना ज्यांची विहीर होती ते आजोबा म्हणाले, कठडा बांधायचं दरवर्षी राहून जातं. पुढच्या महिन्यात आम्ही चौघांनी तो बांधला. त्यांनी दगड दिला, आम्ही सिमेंट आणि मजुरी. दोन दिवस लागले. उडी मारायचीच म्हटलं तर बिबट्याला तीन फूट काहीच नाही. पण तो विहिरीत उडी मारत नाही, अंधारात धावताना पडतो. कठडा मध्ये आला की त्याला कळतं. माणसाचं पोर आणि गाईचं वासरूही त्याच कठड्याने वाचतं.

तेव्हापासून अशा एकवीस विहिरी झाल्या. तुमच्या शेतात बिनकठड्याची विहीर असेल तर या उन्हाळ्यात, पाणी खाली असताना, बांधून घ्या. उंची तीन फुटांच्या वर, जाडी नऊ इंच, पाया मुरमापर्यंत. आतल्या बाजूला पाण्यापर्यंत पोचेल असा खाचा पाडलेला एक ओंडका कायमचा बांधून ठेवा, म्हणजे तरीही काही पडलंच तर त्याला धरायला काहीतरी असेल. आणि पडलेलं दिसलं तर स्वतः काढायला जाऊ नका, १९२६ ला फोन करा आणि ते येईपर्यंत लोकांना विहिरीपासून लांब ठेवा.